बिडाची पट्टी

बाबांच्या टेबलावर दोन पट्ट्या असतात.
एक खरी.
दुसरी बिडाची:
तिचा फूट फुटापेक्षा एक सूत मोठा.
वितळलेलं बीड थंड होताना आटतं,
शंभराला एक,
म्हणून लाकडाचा पॅटर्न आधीच तेवढा वाढीव करायचा.
हे मला सातवीत कळलं.
आणि उंचीचा काटाही रोज
हवेच्या दाबाला जुळवून घ्यावा लागतो,
हे तेविसाव्या वर्षी, सांबऱ्याच्या धावपट्टीवर.

तिथं चाकं जमिनीला टेकलेली असतानाही
काटा अडीच हजार फुटांच्या आसपास उभा.
मुळात गावच उंचावर.
पहिल्या दिवशी मी हसले होते:
म्हणजे इथं भाजी आणायला निघालेला माणूसही
थोडासा उडालेलाच.

दोनशे तास उडाले मी.
एका तासाला कंग्राळीच्या प्लॉटचा
साधारण चटईएवढा तुकडा.
हे गणित आमच्या घरात कुणी बोललं नाही,
केलं सगळ्यांनी.

मग दिवाळीच्या तोंडावर बँडसॉनं
बाबांची दोन बोटं घेतली,
करंगळी आणि तिच्या शेजारचं.
'नोटा मोजायची राहिलीत की,'
दवाखान्यात ते म्हणाले, आणि आई उठून बाहेर गेली.

महिनाभरासाठी म्हणून मी उद्यमबागेत बसले.
'कॅप्टन, फेविकॉल संपला.'
'कॅप्टन, हुबळीचा चेक परत आला.'
बसवण्णी कानडीत बोलायचा, मी मराठीत,
भुसा दोघांच्याही केसांत सारखाच.

पहिला पॅटर्न केला तो पंपाच्या बॉडीचा.
ड्रॉइंगबरहुकूम, दशांशापर्यंत.
खऱ्या पट्टीनं.
फौंड्रीतून कास्टिंग आलं ते
सगळीकडून थोडं थोडं कमी,
पाहुण्यांसमोर अंग चोरून बसलेल्या पोरासारखं.
बाबा चिडले नाहीत.
नुसते माझ्याकडे बघत राहिले.

विमान कंपनीचं पत्र आलं मंगळवारी.
सोमवारपर्यंत कळवा.
पुढच्या ट्रेनिंगला आणखी पैसे लागणार होते
आणि बाबांनी मला न विचारता
शेडला गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं.

'जातीस की नाही?'
'नाही.'
'माझ्या बोटांची कीव करतीस व्हय?'

कसं सांगायचं.
वर मला भीती नव्हती वाटत.
गोकाककडे वळताना खाली घटप्रभा
एका बाजूनंच चमकायची,
ते डोळ्यांत आहे अजून, राहील.
पण वर प्रत्येक गोष्टीची यादी असते
आणि यादी दुसऱ्या कुणी केलेली.
इथं एक कागद येतो, चार रेषांचा.
वाळूतून पॅटर्न अख्खा निघावा
म्हणून कुठली कड किती तिरकी ठेवायची
ते त्या कागदावर नसतं.
ते मला ठरवायचं होतं.
'बोटांचा यात काही संबंध नाही,' मी म्हणाले.
पूर्ण खरं नव्हतं ते.
शंभराला एक वाढवून सांगितलं.

दोन दिवस बाबा बोलले नाहीत.
बसवण्णी शटर ओढताना 'होगी बर्तीनी' म्हणाला,
जाऊन येतो.
त्याच्याही भाषेत कुणी नुसतं जात नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी
बंगळूरचं विमान शेडवरून उतरायला निघालं.
बाबांनी मान वर केली. मीही.
'उंच राहिलाय,' मी म्हणाले,
'आता घाईनं खाली आणावं लागेल त्याला.'
'तुला काय करायचंय,' बाबा म्हणाले.

मग बऱ्याच वेळानं,
तीन बोटांनी टेबलावरचा भुसा लोटत:
'बँडसॉचं पातं बदलायला झालंय.
उद्या तूच बसीव.
हात लांब ठिवून.'